गडावरील परस आणि कुणब्याचा भाजीपाला

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील दुर्गप्रकरण इतिहासाच्या अभ्यासकांनीं पुष्कळ वेळां वाचलें आहे. गडास जागा कशी पाहावी, दरवाजे कसे असावे, पाण्याची तजवीज काय करावी, हवालदार कोणत्या स्वभावाचा नेमावा, यांविषयींचे त्यांतील विचार लेखांतून आणि व्याख्यानांतून नेहमीं येतात. याच प्रकरणांत गडाच्या झाडलोटीचे नियम सांगतां सांगतां अमात्यांनीं एक लहानशी आज्ञा घातली आहे. गडावरील वाटा, बाजार आणि तट या ठिकाणीं केर सांचूं देऊं नये. झाडलेला केर गडाखालीं लोटून न देतां जागच्या जागीं जाळावा. जी राख होईल ती परसांत घालावी, आणि तिच्यावर ज्याच्या त्याच्या घरीं होईल तो भाजीपाला करवावा, असा तिचा आशय आहे. वाचणारा ही आज्ञा आरोग्याच्या सदरांत टाकतो, गडाच्या टापटिपीबद्दल अमात्यांचें कौतुक करितो आणि पुढें जातो.

आमच्या मतें ही आज्ञा आरोग्याच्या सदरांत पुरती बसत नाहीं. केर जाळला म्हणजे स्वच्छतेचें काम संपलें. राख कोठें टाकावी, तिच्यावर काय लावावें, आणि तें घरोघर लावावें, हा पुढचा भाग अन्नाच्या व्यवस्थेचा आहे. शिवकालांतील तीन प्रसिद्ध पत्रें शेजारीं ठेवून ही आज्ञा वाचली म्हणजे तिचा अर्थ उघड होतो. तीं पत्रें म्हणजे चिपळुणाकडील लष्करास लिहिलेलें पत्र, प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र, आणि कुडाळचा सरसुभेदार नरहरि आनंदराव यास मिठाच्या जकातीविषयीं लिहिलेलें पत्र. चारही कागदांचे प्रसंग निराळे, अधिकारी निराळे. पण त्यांतून एकच धोरण निघतें. राज्याच्या शिपायानें आपलें कालवण आपल्या परसांत काढावें, अथवा पदरच्या पैशानें बाजारांतून रास भावानें घ्यावें; कुणब्याच्या वाफ्यास हात लावूं नये; आणि कुणब्याचा व आगऱ्याचा माल पडून राहूं नये याची काळजी सरकारानें वाहावी. या धोरणाचा माग काढणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम आज्ञेच्या कर्त्याविषयीं. आज्ञापत्र इ. स. १७१५ चें, कोल्हापुरच्या संभाजी छत्रपतींच्या नांवानें लिहिलेलें आहे. त्या वेळीं अमात्यांची हयात सरत आली होती. राजाराम महाराज १६८९ पासून १६९८ पर्यंत महाराष्ट्राबाहेर, बहुतेक काळ जिंजीस, असतां मागें राज्य संभाळण्याचें ओझें ज्यांच्यावर पडलें त्यांत रामचंद्रपंत मुख्य. पुढें औरंगजेबानें सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा हे गड एकामागून एक वेढले, तो सर्व काळ त्यांनीं पाहिला होता. वेढ्यांत दारूगोळ्याइतकीच अन्नाची चिंता असते, हें अशा पुरुषास ग्रंथांतून शिकावें लागत नाहीं. तेव्हां त्यानें परसांतील भाजीपाल्याचा उल्लेख केला तो वाक्य भरण्यासाठीं केला नसावा.

राखेची गोष्टहि अशीच अनुभवांतून आलेली आहे. कोंकणांत आणि मावळांत भाताचें किंवा नाचणीचें रोप करण्यापूर्वीं राब भाजण्याची चाल जुनी आहे. ज्या तुकड्यावर रोप करावयाचें त्यावर शेण, पातेरा, कवळें, गवत यांचे थर घालून पावसाच्या अगोदर ते जाळतात, आणि त्या राखेच्या जमिनींत बीं टाकतात. गडावरील बहुतेक शिबंदी या मुलुखांतलीच. घरीं राब भाजणारा हात गडावर येऊन तट राखीत होता. त्याला राखेचा गुण नव्यानें सांगण्याचें कारण नव्हतें. अमात्यांनीं केलें तें इतकेंच, कीं शेतांतली ही रीत गडाच्या व्यवस्थेंत घातली, आणि जो केर खालच्या गांवाच्या अंगावर लोटला जात होता त्याचें खत करविलें.

भाज्यांचीं नांवें आज्ञापत्रांत नाहींत. जी होईल ती करावी म्हणून तें घरवाल्यावर सोडलें आहे. पण सह्याद्रीच्या माथ्यावर काय होऊं शकतें याचा अंदाज करणें कठीण नाहीं. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत गडाच्या वाटा शेवाळतात, ओढे भरतात, आणि खालच्या गांवांतून ओझें वर आणणें जिकिरीचें होतें. नेमक्या याच दिवसांत दोडका, घोसाळें, पडवळ, काकडी, भोपळा हे वेल मांडवावर अथवा घराच्या पाख्यावर चढतात, आणि पाणी निघून जाणाऱ्या खोलगट जागीं अळू माजतो. त्यांना टाक्याचें पाणी घालावें लागत नाहीं. ही गोष्ट महत्त्वाची आहे. कारण याच प्रकरणांत गडावरील पाणी फार जपून राखावें, एका झऱ्यावर विसंबूं नये, खडक फोडून जादा टाकीं करावीं, असा अमात्यांचा कटाक्ष आहे. उन्हाळ्यांत टाक्याच्या पाण्यावर बाग फुलवावी असा त्यांचा हेतु असणें शक्य नाहीं. परसांतली भाजी ही पावसाळ्याची भाजी, म्हणजे वाट बंद असतांनाची भाजी, असाच अर्थ आम्ही घेतों.

भाजीपाल्याच्या जोडीला झाडेंहि आहेत. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ यांसारखे मोठे वृक्ष, लिंबें-नारिंगांसारखीं लहान झाडें, आणि फुलझाडें व वेलीसुद्धां गडावर लावून जतन करावीं. प्रसंगीं त्यांचें लांकूड कामास येईल, असें अमात्य सांगतात. दुर्गप्रकरणाच्या पुढें आरमाराचें प्रकरण येतें, त्यांत झाडांचा विषय पुन्हां निघतो, आणि तेथें त्याला निराळें वळण मिळतें. गलबतांना आंब्या-फणसाचें लांकूड उपयोगी आहे हें अमात्यांना मान्य आहे. तथापि हीं झाडें एक-दोन वर्षांत होत नाहींत. रयतेनें तीं लावून पोटच्या लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. सबब त्यांना हात लावूं देऊं नये, अशी सक्त ताकीद आहे. एखादें झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. हा मजकूर पुष्कळदां शिवाजी महाराजांचें स्वतंत्र पत्र म्हणून छापला जातो. तो आज्ञापत्रांतील आहे, हें येथें मुद्दाम नमूद करून ठेवितों. महाराजांच्या धोरणाशीं तो जुळतो एवढ्यावरून कागदाचा कर्ता बदलतां येत नाहीं.

आतां असा प्रश्न येतो, कीं गडावर धान्याचे अंबार भरलेले असतां, कारखानीस त्यांचा हिशेब राखीत असतां, एका भाजीची एवढी काळजी कां? याचें उत्तर चिपळुणाकडील पत्रांत सांपडतें.

हें पत्र राज्याभिषेकाच्या सुमाराचें, उन्हाळ्याच्या अखेरीस लिहिलेलें आहे. घोडदळ चिपळुणाजवळ छावणीस राहिलें होतें. पावसाळा तोंडावर. सुभ्यांतील दाणा व वैरण गोळा करून पागेच्या बेगमीची तजवीज महाराजांनीं मोठ्या कष्टानें केली होती. ती बेगमी शिपाई आतांच मनास येईल तशी उडवूं लागले तर भर पावसाळ्यांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशी मरतील, आणि मग काय होईल याचें चित्र महाराज पायरीपायरीनें उभें करितात. कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. असें झालें म्हणजे जे कुणबी अजून जीव धरून राहिले आहेत ते निघून जातील, कित्येक उपासानें मरतील, आणि मोंगलांपेक्षां तुम्हीच वाईट असें त्यांना वाटेल. एवढें सांगून महाराज थांबत नाहींत. शिपायांच्या वांटण्या सरकारी खजिन्यांतून पदरांत पडल्या आहेत. ज्याला जें पाहिजे, मग तो दाणा असो, गुरांचें गवत असो, सरपण असो वा भाजीपाला असो, तें विकावयास येईल तेव्हां बाजारांत जाऊन रास मोलानें घ्यावें, कोणावर जुलूम करूं नये, कोणाशीं कलागत करूं नये, असें बजावतात. पुढें रात्रीं दिवा जळत ठेविला तर उंदीर वात नेईल आणि गवताच्या लहाण्या पेटतील, या बारकाव्यापर्यंत पत्र जातें. उंदराच्या वातीमुळें हें पत्र लोकप्रिय झालें आहे. आमच्या मतें त्याचा गाभा बाजाराच्या वाक्यांत आहे.

त्या वाक्याचा विचार केला पाहिजे. शिपाई लुटीवर जगत असेल तर त्याला बाजाराची गरज नाहीं. शिपायाला रोख पगार मिळतो, तो पैसा त्यानें जवळच्या कुणब्याच्या मालावर खर्च करावा, अशी ही योजना आहे. म्हणजे छावणी पडली कीं त्या भागाच्या भाजीला, गवताला, सरपणाला गिऱ्हाईक मिळालें. ज्या लष्कराच्या येण्यानें गांव ओस पडावयाचा, त्याच लष्कराच्या पैशानें तो तगावा. हें साधलें तर कुणब्याला छावणीचें भय न वाटतां तिची वाट पाहावीशी वाटेल. सतराव्या शतकांत दक्षिणेंत ज्या फौजा फिरत होत्या, त्यांच्या राहणीशीं हें ताडून पाहिलें म्हणजे या वाक्याचें मोल समजतें.

भाजीचा उल्लेख पुन्हां येतो तो रामाजी अनंताच्या पत्रांत. ५ सप्टेंबर १६७६ च्या या पत्रांत सुभेदारानें इमानानें काम करण्याची जी शपथ घेतली होती तिची आठवण देऊन, भाजीच्या देठाकडेसुद्धां मन जाऊं देऊं नको, असें महाराज सांगतात. देठाचा हा दाखला लोकांच्या तोंडीं बसला आहे. पण पत्राचा मोठा भाग त्याच्या पुढें आहे, आणि तो शेतकऱ्यास उभें करण्याच्या उपायांचा आहे. सुभेदारानें गांवोगांव फिरावें. ज्या गांवीं जाईल तेथें कुणबी गोळा करावे, कोणाजवळ किती माणूसबळ, किती बैल, किती दाणा आहे तें पाहावें. ज्याच्याजवळ माणसें आहेत, जमीन करण्याची ताकद आहे, पण बैल, नांगर आणि पोटास दाणा नाहीं, त्याचें बळ फुकट जातें. त्याला दोन-चार बैलांसाठीं रोख पैका द्यावा, खाण्यासाठीं खंडी-दोन खंडी धान्य द्यावें, आणि त्याच्यानें होईल तेवढें शेत करवावें. दिलेला पैका वाढीदिढीवांचून, नुसतें मुद्दल, त्याच्या ऐपतीप्रमाणें हळूहळू उगवून घ्यावा. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च आला तरी चालेल. जी मागील बाकी कुणब्याच्या अंगावर असून त्याच्यानें देववत नाहीं, ती तोडून देण्याविषयीं हुजूर लिहावें.

लारी म्हणजे इराणी आखातांतून आलेल्या वळणाचें, चांदीची तार दुमडून केलेलें नाणें. तें त्या काळीं कोंकण किनाऱ्यावर चालत असे, आणि आदिलशाहीनें स्वतःच्याहि लाऱ्या पाडल्या होत्या. नाणेंसंग्राहकांना त्या परिचित आहेतच. सुभेदाराच्या हातीं एवढी मोठी रक्कम मोकळी सोडण्याची तयारी या पत्रांत दिसते, ती शेतीच्या कर्जासाठीं. युद्धासाठीं रक्कम मागणारीं पत्रें दप्तरांत शेंकड्यांनीं सांपडतात. बैलांसाठीं रक्कम देऊं करणारीं त्या मानानें थोडीं.

याच पत्रांत मालाच्या विक्रीचा जो भाग आहे त्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. रयतेकडून सारा ऐनजिनसी आला तर तो ऐनजिनसीच घ्यावा, रोख पैशाचा आग्रह धरूं नये. आलेला जिन्नस हंगामशीर सांठवावा, आणि ज्या वेळीं ज्या जिनसाला चांगला भाव येईल त्या वेळीं विकावा. तो सडूं-पडूंहि नये आणि स्वस्तहि जाऊं नये. नारळ, खोबरें, सुपारी, मिरें हे जिन्नस महाराज नांवानिशीं सांगतात. या व्यवस्थेचें मर्म शेतकऱ्याला चटकन समजेल. सुगीच्या वेळीं प्रत्येकाच्या घरीं माल असतो, भाव पडलेला असतो, आणि नेमकी तेव्हांच सरकारनें रोख रक्कम मागितली तर कुणबी पडेल भावानें माल वाण्याच्या घरीं घालतो. सरकारनें ऐनजिनसी घेऊन भावाची जोखीम आपल्या अंगावर घेतली म्हणजे ती कुणब्याच्या मानेवरून उतरते. फायदा सरकारचाहि आहे, आणि पत्र तो लपवीत नाहीं. पण तो फायदा कुणब्याला पिळून काढलेला नाहीं; थांबून, सांठवून, वेळ पाहून मिळविलेला आहे.

सभासदानें १६९७ च्या सुमारास जिंजीस लिहिलेल्या बखरींत हीच रीत थोडक्यांत सांपडते. पिकाचे पांच भाग करून तीन रयतेस, दोन दिवाणांत; नवी रयत येईल तिला गुरेंढोरें, बीं आणि पोटास दाणा द्यावा, आणि तो ऐवज दोन-चार वर्षांनीं उगवून घ्यावा. बखरकारानें नियम सांगितला आणि रामाजी अनंताच्या पत्रांत तोच नियम कामास लागलेला दिसतो, तेव्हां सभासदाच्या या भागावर भरंवसा ठेवण्यास हरकत नाहीं. उलट दादोजी कोंडदेवांनीं शिवापुरच्या बागेंतला आंबा चुकून तोडला आणि त्याचें प्रायश्चित्त म्हणून अंगरख्याची एक बाही आंखूड ठेविली, ही कथा उत्तरकालीन बखरींची आहे. इतिहास म्हणून तिचें वजन थोडें. मात्र धन्याच्या झाडाचें फळसुद्धां परकें मानणें ही गोष्ट पुढच्या पिढ्यांना शिवशाहीची खूण म्हणून सांगावीशी वाटली, एवढें तीवरून कळतें.

आतां मिठाचें पत्र. १६७१ मधील या पत्राचा प्रसंग असा. प्रभावळी मामल्यांत संगमेश्वराकडे जें मीठ होई, त्याचा भाव चढा होता. पोर्तुगेजांच्या ताब्यांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडे. त्यामुळें घाटावरचे व्यापारी बारदेशाकडे वळूं लागले. महाराजांनीं कुडाळच्या सरसुभेदारास लिहिलें, कीं बारदेशच्या मिठावर घाटाच्या वाटेवर जबर जकात बसवावी. बारदेशांतील खरेदी, वाहतुकीचा खर्च आणि जकात मिळून तें मीठ संगमेश्वरी मिठाच्या भावाहून महाग पडलें पाहिजे, असा हिशेब करून जकातीचा तह ठरवावा. असें न केलें तर आपलीं बंदरें बसतील, अशी धास्ती पत्रांत स्पष्ट आहे.

मीठ हें पीक नव्हे, तेव्हां भाजीपाल्याच्या लेखांत तें कशाला, असें कोणी म्हणेल. पण किनाऱ्याच्या भाषेंत आगर हा शब्द नारळी-पोफळीच्या बागेला लागतो आणि मिठाच्या वाफ्यांनाहि लागतो. खारट जमीन बांध घालून भाताखालीं आणणारा आणि मीठ पिकविणारा पुष्कळ ठिकाणीं एकच. ताटांतल्या भाकरी-भाजीइतकेंच मीठहि जमिनीच्या लागवडीचें फळ आहे, ही समजूत या शब्दांत मुरलेली आहे. शिवाय धोरणाच्या दृष्टीनें या पत्राची जागा रामाजी अनंताच्या पत्राच्या शेजारींच आहे. तेथें घरच्या मालाला वेळ पाहून भाव मिळवून दिला. येथें बाहेरचा स्वस्त माल अडवून दिला.

तथापि या पत्रावर हल्लींच्या काळांत जो स्वदेशीचा मोठा डोलारा उभारला जातो त्याला आमची संमति नाहीं. सरकारी मिठाचें उत्पन्न बुडूं नये हा पत्राचा उघड हेतु आहे. घाटावरच्या गरिबाला मीठ महाग पडेल, याचा त्यांत विचार नाहीं. संरक्षक जकातीचा भार नेहमीं कोणावर तरी पडतो. या वेळीं तो खाणारावर पडला. आज्ञापत्रांतहि परदेशी व्यापाराला सरसकट बंदी नाहीं. सावकार हे राज्याची शोभा आहेत, त्यांच्यामुळें न मिळणाऱ्या वस्तु राज्यांत येतात, असें अमात्य म्हणतात, आणि त्यांना पेठा वसवून आणावें असें सांगतात. जें आपल्याकडे होत नाहीं तें बाहेरून यावें. जें आपल्याकडे होतें त्याला बाहेरच्यानें मारूं नये. दोन्ही कागद एकत्र वाचले म्हणजे एवढाच मर्यादित सिद्धान्त निघतो, आणि तो पुरेसा आहे.

दुसरी एक मर्यादा याहून मोठी आहे, आणि ती टाळून हा विषय लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. ही सगळी काळजी स्वराज्यांतल्या कुणब्याची आहे. सभासदच सांगतो, कीं पावसाळ्यांत छावणीस असलेलें लष्कर दसऱ्यास निघावें आणि आठ महिने परमुलुखांत पोट भरावें. परमुलुखांतल्या कुणब्याचीहि भाजी असते आणि तिलाहि देठ असतो. बायका-मुलांना धरूं नये, गाईला हात लावूं नये असे नियम महाराजांनीं त्या स्वारीसहि घातले होते. परंतु दाणा-वैरणीची रास किंमत देण्याची अपेक्षा तेथें नव्हती. पुढें नागपुरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगाल्यांत शिरल्या, तेव्हां तेथील रयत गांवें टाकून कशी पळाली याचें वर्णन गंगारामाच्या महाराष्ट्र-पुराणांत आहे. वर्गी हें नांव त्या देशांत मुलांना भेडसावण्याचें नांव झालें. चिपळुणाच्या पत्रांत ज्या गोष्टीचें भय दाखविलें आहे, तीच गोष्ट सत्तर वर्षांच्या आंत मराठी घोड्याच्या टापांखालीं दुसऱ्या प्रांतांत घडली. दोन्ही गोष्टी आमच्याच इतिहासांतल्या आहेत.

आणखी एक आक्षेप घेतां येईल, तो पद्धतीचा. हुकूम म्हणजे आचरण नव्हे. शिपायानें भाजी ओरबाडूं नये असें लिहावें लागलें याचाच अर्थ शिपाई ती ओरबाडीत होता. घरोघर भाजी करवावी असें सांगावें लागलें याचा अर्थ परस ओसाड पडले होते, असा उलटा निष्कर्षहि निघतो. हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. आज्ञा ही गुन्ह्याची साक्ष असते. परंतु ती कोणत्या गुन्ह्याची चीड राज्यकर्त्याला होती याचीहि साक्ष असते, आणि त्या बाबतींत चार कागदांचा एकमेकांशीं असलेला मेळ दुर्लक्षण्याजोगा नाहीं. चव्वेचाळीस वर्षांच्या अंतरानें, राजा बदलला, राजधानी बदलली, राज्य दुभंगलें, तरी भाजीपाला हा शब्द राज्यकारभाराच्या कागदांत त्याच काळजीच्या ठिकाणीं येतो. तोफेच्या आणि तहाच्या शेजारीं भाजीला जागा देणारा कारभारी तिच्यावांचून काय घडतें तें पाहून चुकलेला असला पाहिजे. गडावरच्या माणसाच्या कालवणाची सोय गडावर झाली नाहीं, तर तो उतरून घेऱ्यांतल्या गांवांत जाईल, आणि रिकामा परत येणार नाहीं, हें अमात्यांस माहीत होतें.

हुकुमापुढें जाऊन आचरण पाहावयाचें तर त्याची साधनें मोठ्या राजपत्रांत नाहींत, क्षुल्लक कागदांत आहेत. संग्राहकांस येथें दोन शब्द सांगावेसे वाटतात. पेशवे दप्तरांतून १९३० ते १९३४ या काळांत जे ४५ भाग निघाले त्यांत राजकारणाच्या पत्रांस अग्रस्थान मिळालें, आणि त्या वेळच्या गरजेप्रमाणें तें योग्यच होतें. खाजगी संग्रहांचीहि तीच रीत आहे. वतनपत्र, महजर, शिक्क्याचें पत्र असलें कीं त्याला कापडी वेष्टन मिळतें. त्याच रुमालांतला किराण्याचा हिशेब, बाजारचा निरख, बागेची आकारणी, बैलांच्या कर्जाची खाती, गडावर पोंचविलेल्या जिनसांची याद, हे तुकडे दुकानदाराच्या पुड्यांना जातात, किंवा वाळवीच्या स्वाधीन होतात. रास मोलानें भाजी घेतली गेली कीं नाहीं, याचा निकाल त्या निरखाच्या तुकड्यावर लागावयाचा आहे, शिक्क्याच्या पत्रावर नाहीं. गडांच्या बाबतींतहि रायगडासारख्या ठिकाणीं घरांच्या जोत्यांची मोजमापें घेतलीं जातात, पण जोत्यामागची जी मोकळी जमीन, तिच्याकडे त्या मानानें थोडें लक्ष जातें. परस तेथेंच असावयाचा.

ज्यांच्या घराण्यांत सबनिशी, कारखानिशी किंवा गडाची हवालदारी चालली, आणि जे घेऱ्यांतल्या गांवांचे पाटील-कुलकर्णी आहेत, त्यांच्या दप्तरांत हे तुकडे असण्याचा संभव अधिक. कागद चाळतांना भाजी, परस, आगर, निरख, रास, ऐनजिनसी, बैलांबद्दल पैका, अशा शब्दांवर नजर ठेवावी. तुकड्यावर साल किंवा नांव नसलें म्हणून तो निकामी समजूं नये. रुमालांत तो ज्या दोन कागदांच्या मध्यें होता, तो क्रम न मोडतां, मूळ घडी न उलगडतां, शक्य तर सगळा रुमालच नकलेसाठीं संशोधन मंडळाकडे आणावा. शेजारच्या कागदाच्या मितीवरून, मोडीच्या वळणावरून आणि कागदाच्या जातीवरून त्याचा काळ लावतां येतो.